भादव्यात आटलेला झरा

डोंगरावरच्या गावात पाणी कमी पडतं ते चैत्र-वैशाखात. भादव्यात, आभाळ पंधरा दिवस हटलेलं नसताना नळाची धार बारीक झाली तर लोक हसतात. आमच्या गावातलेही हसले. बायका पागोळ्यांखाली हंडे लावून दारात उभ्या राहायच्या आणि मी रस्त्यानं चाललो की मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या, "ओव्हरसिअर साहेबांनी पावसाळ्यातसुद्धा उन्हाळा आणला."

मी त्या नगरपालिकेचा एकुलता एक ओव्हरसिअर होतो. नाशिकहून घोटीपर्यंत एक एसटी, आणि तिथून घाट चढणारी दुसरी, असं ते गाव. उन्हाळ्यात, आणि थोडी दिवाळीत, मुंबईची माणसं हवा खायला यायची. त्यांचे बंगले होते, चार-दोन लॉज होते, नगरपालिकेचं स्वतःचं एक यात्री निवास होतं. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांना सगळं गाव 'सीझन' म्हणायचं आणि उरलेले महिने सीझनच्या आशेवर काढायचं. पावसाळ्यात बंगले बंद, खिडक्यांवर शेवाळ, आणि धुकं इतकं की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी तिथे रुजू झालो. मुख्याधिकारी होते, पण त्यांच्याकडे आणखी एका गावाचा चार्ज होता. ते आठवड्यातून दोनदा यायचे, घाटात पाऊस जास्त असला की एकदा. बाकी पाणी, दिवे, गटारं, कचरा, मेलेली कुत्री, बाजारओट्यांचे उडालेले पत्रे, स्मशानातली ओली लाकडं, सगळं माझ्या टेबलावर. वय चोवीस. डिप्लोमा नाशिकला केला होता, तिथेच आमच्या वसाहतीत माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुलगा सरकारी कागदावर सही करतो याचं त्यांना फार कौतुक होतं.

गावाचं सगळं पाणी एका झऱ्यावर होतं. गावाच्या डोक्यावर जो डोंगर आहे त्याच्या मध्यावर एका कपारीतून तो निघायचा. इंग्रजांच्या काळात कुणीतरी तिथे दगडी हौद बांधला होता, हौदातून बिडाचा पाइप खाली गावात येत होता. पंप नाही, इंजिन नाही. पाणी आपल्या पायांनी खाली यायचं. ते सांभाळायला एक व्हॉल्व्हमन होता. पलीकडच्या पाड्यावरचा महादेव कोळी, साठीला टेकलेला. मी त्याला बाबा म्हणायचो. एका कानानं तो पूर्ण बहिरा होता, दुसऱ्यानं निम्मा. पण पाइप कुठे फुटलाय हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी तो जमिनीत पाइपापर्यंत रोवायचा, तिच्या दुसऱ्या टोकाला जबडा टेकवायचा, आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "हितं नाय. अजून वर." मी सुरुवातीला हसलो होतो. दोनदा खोदून पाहिल्यावर हसणं बंद केलं.

आता सफाई कामगारांच्या वसाहतीचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिची आहे.

दुष्काळी कामावर खडी फोडायला म्हणून त्याच डोंगराचा पायथा खणला होता. दोन हंगाम शेकडो माणसं तिथे घण मारत होती. कामं संपली तेव्हा डोंगराच्या पायाला कापलेल्या पावासारखी उभी कड राहिली आणि तिच्यासमोर छान सपाट जागा तयार झाली. गावात सपाट जागा ही दुर्मीळ गोष्ट. अध्यक्षांनी ती हेरली. ते भाताच्या गिरणीचे मालक, मोठ्या आवाजाचे, पण मनात आणलेली गोष्ट करणारे. नगरपालिकेचे सफाई कामगार तोवर नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोपटांत राहत होते. बहुतेक आमच्याच समाजाची कुटुंबं. या लोकांना पक्की घरं द्यायची असं अध्यक्षांनी ठरवलं, आणि निम्म्या सदस्यांचा विरोध असताना ठराव करून घेतला. हे मी मुद्दाम लिहितो. पुढे त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचताना हेही लक्षात राहावं.

जागा पाहून दाखला द्यायचं काम माझं. मी टेप लावला, नकाशा काढला, आणि लिहिलं : 'जागा बांधकामास योग्य आहे.' खाली सही केली. डोंगराच्या त्या उभ्या कडेकडे मी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. घट्ट मुरूम दिसत होता, खाली काळा दगड. तेवढं मला पुरलं.

दहा खोल्या झाल्या. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, प्रत्येकी एक मोरी, आणि दोन खोल्यांत मिळून एक नळ. कार्यक्रमाला नाशिकहून माझे वडील आले. भाषणं झाल्यावर ते एकटेच एका खोलीत गेले आणि भिंतीवरून हात फिरवत राहिले. त्यांचं लहानपण गावकुसाबाहेर गेलेलं. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पक्कं बांधलंस."

त्याला दोन पावसाळे झाले होते. तिसऱ्यात हे घडलं.

आधी पाणी लाल झालं. हौदात गाळ आला असेल म्हणून आम्ही हौद धुतला. दोन दिवस बरं आलं, मग पुन्हा लाल. मी ब्लीचिंग पावडर वाढवली. चौथ्या-पाचव्या दिवशी व्हॉल्व्हमन भर पावसात कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर इरलं, पायांतून पाणी ठिबकतंय. आत येईना.

"काय झालं बाबा?"

"सायेब, वर चला."

"पाऊस थांबू दे की."

"पाऊस हाय म्हनूनच चला. पानी कमी झालंय."

मला वाटलं त्याच्या ऐकण्यात काही घोटाळा आहे. पण वर गेल्यावर पाहिलं, हौदात मांडीएवढ्या जाडीची धार पडायची तिथे मनगटाएवढी पडत होती. डोंगराच्या अंगावरून चारी बाजूंनी पाणी वाहत होतं, आमच्या चपला त्यात बुडत होत्या, आणि झरा मात्र आटत चालला होता.

"असं कधी झालं होतं?" मी ओरडून विचारलं.

त्यानं मान हलवली. "माझ्या बापाच्या टायमाला बी नाय." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पानी जातंय कुठं?"

तो मला हौदाच्याही वर, माळावर घेऊन गेला. तिथे गुराखी गुरं चारतात. त्या दिवशी तिथलं गवत गुडघाभर वाढलेलं होतं, कुणी तोंड लावलं नव्हतं. गुरं आठवडाभर तिकडे जात नाहीत, असं तो म्हणाला. गवतातून चालताना त्यानं एकदम माझा दंड धरला. समोर जमीन फाटली होती. फार नाही, वीतभर. दोन्ही बाजूंचं गवत तिच्यावर वाकल्यामुळे ती दिसत नव्हती. डोंगराच्या अंगाला आडवी, चंद्रकोरीसारखी, डावीकडे कारवीत शिरून दिसेनाशी होणारी. त्यानं हातातली चावी भेगेत सोडली. पाच फुटांची चावी मुठीपर्यंत आत गेली आणि तळाला कशालाही लागली नाही.

माळावरचं पाणी त्या भेगेत जात होतं. सगळं. आवाज न करता.

मी खाली उतरलो तो थेट वसाहतीत. का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. तिथे बायका खुशीत होत्या. सहा नंबरच्या खोलीमागे, कड जिथे जमिनीला मिळते तिथे, नवंच पाणी फुटलं होतं. स्वच्छ, बोटांना झिणझिण्या येतील इतकं गार. कुणी तरी चार दगड लावून डबकं केलं होतं आणि त्यात तांब्या बुडेल एवढं पाणी सतत भरत होतं.

"साऱ्या गावाला पानी नाय अन् आमच्या दारात गंगा," एक बाई म्हणाली. ती सफाई कामगारांची मुकादम. पन्नाशीची, विधवा, अंगानं किरकोळ. पण तिच्या एका शब्दावर बावीस झाडू चालायचे. कार्यालयात ती मला साहेब म्हणायची, वसाहतीत भाऊ. मी तिला आक्का म्हणायचो.

व्हॉल्व्हमन माझ्यामागून आला होता. त्यानं ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, गिळलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हे आपलंच पानी हाय, सायेब. झऱ्याचं."

त्या दोघांच्या मध्ये उभं राहून मी त्या कडेकडे वर पाहिलं. दोन वर्षांपूर्वी पाहिली होती त्यापेक्षा ती काही वेगळी नव्हती. खालच्या अंगाला मात्र मुरूम काळसर ओला दिसत होता, आणि हात लावला तर साबणासारखा लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षांना घेऊन आलो. छत्री घेतलेला माणूस त्यांच्या मागे. त्यांनी भेग पाहिली, पाणी पाहिलं. मग म्हणाले, "अहो, डोंगर आहे. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. माझ्या आजोबांनी हाच डोंगर पाहिलाय."

"तेव्हा खाली खडी फोडली नव्हती, अध्यक्षसाहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि जागा योग्य आहे असं कुणी लिहून दिलं?"

"मी."

"मग?"

"चुकलं माझं."

ते चालायला लागले. चालता चालता म्हणाले, "जिल्ह्याला कळवा. इंजिनिअर येऊन बघू देत. पण गावात दरड-बिरड हा शब्द काढू नका. बातमी फुटली तर दिवाळीला एक माणूस घाट चढणार नाही."

मी नाशिकला ट्रंक कॉल लावला. तिकडून सांगितलं, लेखी पाठवा, साहेब दौऱ्यावर आहेत, आठ दिवस तरी लागतील. मी लेखी पाठवलं. मग सुताराकडून दोन खुंट्या करून घेतल्या, भेगेच्या अलीकडे एक, पलीकडे एक ठोकली, आणि रोज सकाळी वर जाऊन त्यांच्यामधलं अंतर मोजायला लागलो. पहिल्या दिवशी तीन फूट दोन इंच. दुसऱ्या दिवशी तीन फूट तीन. तिसऱ्या दिवशी साडेतीन फूट भरलं तेव्हा मी टेप गुंडाळला आणि वसाहतीत गेलो.

सगळ्यांना आक्काच्या दारात जमवलं. जे पाहिलं होतं ते सांगितलं. घरं सोडा म्हणालो. यात्री निवास रिकामं आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आजच चला.

कुणी हललं नाही. पुरुष जमिनीकडे पाहत होते. आक्का उंबऱ्यावर बसून होती. आत खाटेवर तिचा सासरा पडलेला, एक अंग लुळं. ती म्हणाली, "भाऊ, उठा म्हनलं की उठायचं, ह्येच केलं आमी जन्मभर. नाल्याच्या कडंनं उठलो, बाजाराच्या मागनं उठलो. आता पक्कं घर हाय."

"आक्का, डोंगर खाली येतोय."

"ह्ये घर बांधताना जागा कुनी बघितली?"

"मी."

"सही कुनाची हुती?"

"माझीच."

"मंग तवाची सही खरी धरू, का आताचं बोलनं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. मी म्हणालो, "तेव्हाची सही खोटी होती. मला कळत नव्हतं आणि मी कळल्यासारखं लिहिलं. आताही सगळं कळतं असं नाही. पण या घरात माझे आई-वडील असते, तर मी त्यांना आजची दुपार इथे काढू दिली नसती."

ती पदर खोचून उठली आणि आत जाऊन भांडी आवरायला लागली. ती उठली म्हणून बाकीचे उठले.

संध्याकाळच्या आत दहाही कुटुंबं यात्री निवासात आली. सासऱ्याला चौघांनी खाटेसकट आणलं. मुंबईच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्यांमध्ये चुली पेटल्या, व्हरांड्यात गोधड्या वाळत पडल्या. गावात कुजबूज सुरू झाली. शेजारच्या लॉजवाल्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सीझनला याच गाद्या का?" त्याला उत्तर नको होतं, मला ऐकवायचं होतं.

आणि मग पाऊस थांबला.

दोन दिवस कोसळला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी असं लख्ख ऊन पडलं की सगळा डोंगर धुतल्यासारखा हिरवा दिसायला लागला. तेरड्याची फुलं आली. खुंट्यांमधलं अंतर एका जागी थांबलं. चार फूट एक इंच. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी तेवढंच. मी भेगेपाशी उकिडवा बसून टेपकडे पाहायचो आणि मला खरं सांगायचं तर, ते अंतर वाढावं असं वाटायचं. या वाटण्याची लाज मला अजून आहे.

व्हॉल्व्हमनला मी म्हणालो, "थांबला वाटतं, बाबा."

तो हौदाच्या काठावर बसला होता. हौद कोरडा पडत आला होता. तो म्हणाला, "पाऊस गेला, ऊन आलं. समदं खरं. पन झरा परत आला का? पानी अजून आतच हाय."

पाचव्या दिवशी जिल्ह्याचे इंजिनिअर आले. सज्जन माणूस, पण जीप परत न्यायची घाई होती. वर माळापर्यंत ते आले नाहीत. खालून कड पाहिली, पाण्यात बोट बुडवलं, अहवाल पाठवतो म्हणाले. तोवर काय करू विचारलं तर म्हणाले, "योग्य ती खबरदारी घ्या." ते वाक्य अध्यक्षांनीही ऐकलं. त्यातलं 'योग्य ती' आम्ही दोघांनी आपापल्या परीनं ऐकलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा लेखी आदेश माझ्या टेबलावर आला. यात्री निवासाला दिवाळीपूर्वी रंग द्यायचा आहे, सबब कामगारांनी मूळ जागी परत जावं. मी त्याच कागदावर लिहिलं की हे धोक्याचं आहे आणि मी सहमत नाही. कागद फाइलीत गेला. आदेश आदेश राहिला. सहा कुटुंबं अडून बसली, व्हरांड्यात राहू म्हणाली. चार परत गेली. त्यांत आक्का होती.

मी तिला वाटेत गाठलं. "आक्का, तू तरी थांब."

"म्हाताऱ्याला व्हरांड्यात कुठं निजवू, भाऊ? रात्री गारठा हाय. अन् रंगवाले येऊन बसलेत." ती थांबली. "तुमचं चुकलं असं कोन म्हनत नाय. पन किती दिस?"



दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या सुमाराला मी आणि व्हॉल्व्हमन वर गेलो. ऊन होतं. वारा नव्हता. माळावर नेहमी टिटव्या ओरडायच्या, त्या दिवशी एकही ऐकू आली नाही. किंवा असतील, मला ऐकू आल्या नाहीत. खुंट्यांपाशी पोचलो तर मला पलीकडची खुंटी दिसेना. आधी वाटलं कुणी उपटली. मग दिसली. होती तिथेच होती, पण गुडघाभर खाली. पलीकडचा सगळा माळच गुडघाभर खाली बसला होता, गवतासकट, फुलांसकट, आणि मध्ये लाल मातीची ताजी पायरी पडली होती.

व्हॉल्व्हमननं चावी जमिनीत रोवली आणि तिला जबडा टेकवला. डोळे मिटले. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्याला काय ऐकू आलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, आणि नंतर मी विचारलंही नाही. त्यानं तोंड बाजूला केलं, चावी तिथेच सोडली, आणि म्हणाला, "चला."

आम्ही डोंगराच्या बाजूच्या पाऊलवाटेनं पळत उतरलो. तीस-पस्तीस वर्षांनी लहान असून मी त्याच्या मागे पडत होतो.

वसाहतीत शांतता होती. मोठी माणसं पहाटेपासून रस्ते झाडायला गेलेली, मुलं शाळेत. चार घरांत मिळून, बाळ सोडून, दोनच जण होते. तीन नंबरच्या खोलीत बारा दिवसांची बाळंतीण, बाळाला शेक देत बसलेली. आणि आक्काचा सासरा. व्हॉल्व्हमन बाळंतिणीकडे धावला, मी म्हाताऱ्याकडे. मी एकट्यानं खाट उचलायला गेलो आणि ती जागची हलेना. म्हातारा शांतपणे म्हणाला, "पायाकडनं धर. डोईकडं जड हाय." मी पायाकडून धरली, व्हॉल्व्हमन परत येऊन डोक्याकडून. तेव्हा माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. भिंत आतल्या बाजूला फुगली होती. तिच्यावरच्या चुन्याचे पोपडे एकेक करून गळत होते.

रस्त्याच्या वळणावर एक मोठं जांभळाचं झाड होतं. तिथवर खाट नेली आणि टेकवली. बाळंतीण आमच्यामागून आली होती, पण तिथे पोचल्यावर तिनं बाळ म्हाताऱ्याच्या कुशीत ठेवलं आणि परत वळली. बाळाचे कपडे आणि आईनं दिलेला डबा आत राहिला होता. व्हॉल्व्हमननं तिचं मनगट पकडलं. ती ओढत होती, रडत होती, तिनं त्याच्या तोंडावर दुसऱ्या हातानं मारलं, दोनदा, तीनदा. त्यानं मनगट सोडलं नाही.

मग डोंगर आला.

मला वाटत होतं मोठा आवाज होईल. आवाज झाला, पण नंतर. आधी फक्त दिसलं. वरची झाडं उभीच्या उभी चालत यायला लागली. हिरड्याचं एक झाड होतं, ते जरासुद्धा न कलंडता, फांद्यांवरच्या पाखरांसकट, माणसानं पायऱ्या उतराव्यात तसं उतरलं. पाखरं उडाली ती निम्म्या वाटेत. कारवीचं रान पांघरूण ओढल्यासारखं पुढे सरकलं. कौलांची ओळ वर उचलली गेली आणि त्या ओळीखालून लाल चिखल बाहेर आला, घट्ट, भाकरीच्या पिठासारखा. मग आवाज. तो पायांतून आला. म्हाताऱ्याच्या खाटेचे पाय रस्त्यावर थरथरत होते.

आपली आपण थांबली ती माती, आमच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर. दहांतल्या सात खोल्या दिसत नव्हत्या. उरलेल्या तीन खोल्या मागच्या भिंतीवाचून उभ्या होत्या. बाळंतीण खाली बसली. व्हॉल्व्हमननं तिचं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्याच्या बोटांचे वळ उठलेले मी पाहिले.

बाजारातून माणसं धावत आली. आक्का झाडू हातात घेऊनच आली. तिनं त्या मातीकडे पाहिलं नाही. आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग बाळंतिणीकडे, बाळाकडे, मग मला विचारलं, "आत कोन?"

"कुणी नाही."

तिनं तरी बोटांवर मोजलं. प्रत्येक घराचं नाव घेऊन, माणूस माणूस. मुलं शाळेत आहेत हे कळायला एक बाई पळत शाळेत गेली आणि परत येऊन होकाराची मान डोलवेपर्यंत आक्का उभीच होती. मग झाडू खाली ठेवला आणि रस्त्याच्या कडेला बसली.

अध्यक्ष आले. त्यांचा आवाज गेला होता. ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. एवढंच म्हणाले, "यात्री निवास उघडा."

जिल्ह्याला अहवाल गेला. त्यात 'जीवितहानी नाही' असं लिहिलं होतं. ते खरं होतं, त्या दिवसापुरतं. आक्काचा सासरा चौथ्या दिवशी गेला, यात्री निवासाच्या अर्ध्या रंगवलेल्या खोलीत. वय झालं होतं, आजारी होताच, असं सगळे म्हणाले. आक्का म्हणाली नाही. दहावं झाल्यावर ती मला भेटायला कार्यालयात आली आणि खुर्चीवर बस म्हटलं तरी उभी राहिली.

"जीव वाचले त्ये तुमच्यामुळं," ती म्हणाली. "ह्ये मी कुनालाबी सांगीन. पन भाऊ, आता जायचं कुठं, त्येबी तुमीच सांगा."

मी नवीन जागा शोधतो म्हणालो. खरंच शोधली. दोन जागा सुचवल्या, दोन्ही बैठकांत मागे पडल्या. यात्री निवास सीझनला रिकामं हवं होतं, म्हणून बाजाराच्या मागे पत्र्याच्या शेड उभारल्या. कागदावर त्यांना 'तात्पुरती सोय' म्हटलं होतं. ज्या जागेवरून ती माणसं एकदा उठली होती तीच जागा. पुढची अकरा वर्षं ती तिथेच होती. बाळंतिणीचं ते बाळ तिथेच शाळेत जायला लागलं.

झरा परत आला नाही. हौद अजून असेल, कोरडा. दोन उन्हाळे टँकरनं काढले, मग खालच्या धरणावरून पंपानं पाणी वर आणलं. आपल्या पायांनी येणारं पाणी गेलं आणि व्हॉल्व्हमनचं कामही गेलं. त्याला कचऱ्याच्या गाडीवर घातलं. तो कधी तक्रार करायचा नाही. पण गाडीबरोबर चालताना मध्येच थांबून जमिनीकडे पाहत राहायचा, आणि मागची माणसं त्याला हाका मारायची, ज्या त्याला ऐकू यायच्या नाहीत.

ऐंशीनंतर गावात मुंबईचे लोक जागा घ्यायला लागले. दरडीच्या मातीवर तोवर गवत आलं होतं, वर झुडपं, समोर सगळी दरी उघडी. गावातला तो सगळ्यात सुंदर देखावा, असं येणारा प्रत्येक जण म्हणायचा. नवे अध्यक्ष आले होते. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि त्या जागेवर प्लॉट पाडायचे आहेत म्हणून दाखला मागितला.

मी म्हणालो, "निम्मा डोंगर आला. निम्मा अजून वर आहे."

"अहो, किती वर्षं झाली. यायचा असता तर आला असता."

"माझ्याकडून होणार नाही."

त्यांनी आग्रह केला नाही. चहा संपवला. महिन्याभरात माझी बदली देवळ्याला झाली. कांद्याचा मुलूख, सपाट जमीन. बायको खूश झाली. नाशिकला येणं-जाणं सोपं होणार होतं.

माझ्या जागी आलेला ओव्हरसिअर तरुण होता, चोवीस-पंचवीसचा, नीट भांग पाडलेला. चार्ज देताना मी त्याला फाइल दाखवली, माझा तो जुना शेरा दाखवला. मग म्हणालो, चल, वर जाऊ. तो आला. माळावर उभं करून मी त्याला जुनी पायरी दाखवली, आणि तिच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर गवतात दडलेली दुसरी एक रेघ दाखवली, बोटभर रुंद. ती दोन वर्षांपूर्वी नव्हती. तो वाकला, बोट घालून पाहिलं, वही काढून काहीतरी लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

खाली उतरताना तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, त्याच भेगेचा विचार करत असेल. वसाहतीच्या जागेजवळून जाताना त्यानं विचारलं, "सर, इथे भाड्यानं खोली कुठे मिळेल? पुढच्या महिन्यात घरच्यांना आणायचंय."

मी त्याला बाजाराच्या पलीकडच्या दोन-तीन घरांची नावं सांगितली, आणि म्हणालो, डोंगराकडची खोली मिळाली तरी घेऊ नकोस. तो हसून बरं म्हणाला. घोटीची एसटी लागलेली होती. माझी ट्रंक आधीच टपावर चढवली होती.